डिस्क लावणार कोण, असे विचारणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार. आपण आमची जुनी व्हिडिओ कॅसेट डीव्हीडीवर उतरवून दिलीत, त्याबद्दल फोनवर मला नीट बोलता आले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

1993 साली मुंबई दूरदर्शनवर नाट्यसंगीताच्या एका कार्यक्रमात आमच्या नानांनी पेटीची साथ केली होती, आणि तो कार्यक्रम मामाने घरच्या व्हीसीआरवर मुद्रित करून ठेवला होता. हलते-बोलते नाना आमच्याकडे तेवढेच उरले आहेत, आणि कोकणातल्या दमट हवेने त्या कॅसेटलाही बुरशी लागली होती.

याआधी ज्या दुकानात ती दिली, तिथे जाहिराती काढण्याच्या घाईत दोन पदांची तोंडेच कापली गेली. शिवाय खराब टेपवरून चित्राच्या फ्रेम गळत गेल्या आणि आवाज मात्र पूर्ण उतरला, त्यामुळे शेवटी शेवटी नानांची बोटे आधी पडत आणि सूर मागाहून येई. गायकाच्या श्वासाबरोबर चालणाऱ्या साथीदाराची ती दशा आईला बघवली नाही. तक्रार केली, तेव्हा ‘जुन्या कॅसेटचं असंच असतं’ एवढेच उत्तर मिळाले.

आपण टेप स्वच्छ करून सारे नव्याने उतरवून घेतलेत आणि आवाज चित्राशी जुळवलात. डीव्हीडीवर चित्र एमपेग-2 या पद्धतीने आवळून साठवलेले असते, त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे पूर्ण नसते, साधारण अर्ध्या सेकंदाने येणाऱ्या पूर्ण फ्रेमवर कापणे सोपे असते, हे आपणच मला समजावून सांगितलेत. पण तेवढ्या अर्ध्या सेकंदात एखादी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, निसटते, म्हणून आपण नेमक्या जागी कापून तेवढा तुकडा पुन्हा एन्कोड केलात, म्हणजे त्याच पद्धतीने नव्याने आवळलात.

तरीही माझ्या मनात घर करून राहिला तो आपला एक साधा प्रश्न: ‘डिस्क लावणार कोण?’ आईला रिमोटवरची अक्षरे दिसत नाहीत, हे ऐकून आपण डिस्कवर मेनूच ठेवला नाहीत. आता डिस्क आत सरकवली की थेट निवेदिकेचा नमस्कार येतो, आणि एक बटण दाबले की पुढचे पद सुरू होते. त्या बटणावर आईने स्वतःची टिकली चिकटवली आहे. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की ती कुणालाही हाक न मारता नानांची पेटी ऐकते. सांगितलेले काम चोख करणारी माणसे पुष्कळ भेटतात. ते काम कुणाच्या हाती जाणार आहे, याची आपणहून चौकशी करणारी विरळा.

राइट केलेल्या डिस्कचा थर कायम टिकत नाही, या आपल्या सांगण्यावरून फाइल हार्ड डिस्कवरही ठेवली आहे. मामाकडे आणखी काही कॅसेट निघाल्या आहेत. त्यांत नाना नाहीत, पण त्यांच्या बरोबरीचे तबलजी आहेत. त्यांच्या मुलांना मी आपला पत्ता दिला आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली कृतज्ञ,
पेटीवाल्या नानांची लेक