वाढत्या भावाची भुरळ

महोदय, सकाळच्या लोकलमध्ये हल्ली बिटकॉइन या आभासी चलनाच्याच गप्पा असतात. 'आता भाव खाली येणारच नाही,' असे शेजारचा तरुण परवा छातीठोकपणे सांगत होता. घरची एफडी मोडून त्याने पैसे गुंतवले आहेत. ऐकून पोटात गोळा आला. नोव्हेंबर २०२१ मध्येही हीच भाषा होती. तेव्हा ६९ हजार डॉलरच्या आसपास पोहोचलेला बिटकॉइन वर्षभरात १६ हजारांच्या खाली घसरला. शिवाय आपल्याकडे नफ्यावर ३० टक्के कर लागतो आणि तोटा दुसऱ्या कुठल्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही. हे त्याला ठाऊकच नव्हते! दादरला उतरताना त्याला एवढेच म्हणालो, 'बाळा, निदान आईच्या औषधपाण्याचे पैसे तरी बाजूला ठेव.'

– एक वाचक, परळ, मुंबई