आयर्लंडमधील ‘निवांत ग्रामीण वीकेंड’ सहलीत परस्पर केलेल्या बदलांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे

विषय : ठरलेला मुक्काम व कार्यक्रम न कळवता बदलल्याबद्दल तक्रार आणि परताव्याची मागणी

महोदय,

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी आयर्लंडमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. त्या सुट्टीला जोडून आपण डब्लिनहून नेलेल्या ‘निवांत ग्रामीण वीकेंड’ या सहलीत मी आणि माझे यजमान होतो. दोघांचे मिळून १,१२,००० रुपये आम्ही मार्चमध्येच पूर्ण भरले होते. आपण जी सहल विकलीत ती आम्हाला मिळालीच नाही. तिच्या जागी दुसरीच सहल आमच्या गळ्यात मारली गेली, आणि ती बदलल्याचे आपल्याला आधीपासून माहीत होते. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती सविस्तर लिहिणे भाग आहे.

आपल्या माहितीपत्रकात लिहिले होते : काउंटी क्लेअरमधील बॅलीवॉन गावाजवळच्या दगडी कॉटेजमध्ये दोन रात्री, घरची न्याहारी, रविवार पूर्ण मोकळा, आणि त्या दिवशी सकाळी हवी असल्यास स्थानिक शेतकऱ्यासोबत बरनच्या माळावर दोन तासांची पायी फेरी. फेरीचे दोघांचे ९,६०० रुपये वेगळे घेतले. यजमानांची गेल्या वर्षी बायपास झाली आहे. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली ती धावपळ करायची नाही या अटीवर. मुलगा डब्लिनला असतो, त्याच्याकडे गेलो की दोन दिवस कुठेतरी शांत राहावे, एवढीच इच्छा होती. हे सारे मी आपल्या शाखेत जाऊन सांगितले, अर्जातही लिहून दिले. तिथल्या ताई म्हणाल्या, “काकू, ही सहल तुमच्यासाठीच आहे.”

शनिवारी डब्लिनहून बस सुटल्यावर तासाभराने आपल्या टूर मॅनेजरनी माइकवरून सांगितले की मुक्काम आता एनिस शहराबाहेरच्या हॉटेलात आहे, आणि रविवारी सकाळी साडेसातला निघायचे आहे. हॉटेल हमरस्त्यालगत होते. खोलीच्या खिडकीतून दिसत होता तो पार्किंगचा डांबरी चौक, आणि गाड्यांचा आवाज रात्रभर चालू होता. आम्ही सातारचे. रस्त्याकडेच्या हॉटेलात झोपायला आम्हाला आयर्लंड गाठायची गरज नव्हती.

बरनबद्दल थोडे लिहिते, कारण आपण आमच्याकडून काय हिरावून घेतले ते कळल्याशिवाय ही तक्रार नुसती खोल्यांच्या अदलाबदलीची वाटेल. मी निवृत्त होईपर्यंत वनस्पतिशास्त्र शिकवत होते. बरन म्हणजे सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुनखडीचा उघडा माळ. हिमनद्यांनी तो खरवडून काढला, मग पावसाच्या पाण्याने दगडात उभ्या फटी पाडल्या. लांबून पाहिले तर नुसता करडा खडक. पण त्या फटींत हंसराज हा नेचा वाढतो, जो एरवी उबेच्या प्रदेशातला, आणि दोन पावलांवर आल्प्स व आर्क्टिकमधली झाडे फुललेली असतात. हे शेजार युरोपात फारसे कुठे दिसत नाही. आणखी एक गोष्ट : तिथले शेतकरी गुरे हिवाळ्यात डोंगरमाथ्यावर चारतात, उन्हाळ्यात खाली आणतात. आपल्याकडे कोणालाही हे उलटे वाटेल. चुनखडी उन्हाळ्यातली ऊब धरून ठेवते, त्यामुळे थंडीतही वर चारा असतो, आणि गुरांनी जुने गवत खाऊन टाकल्यामुळे वसंतात फुलांना उजेड मिळतो. ती फुले शेतकऱ्याच्या गुरांमुळे टिकून आहेत. म्हणूनच मला शेतकऱ्यासोबत चालायचे होते. जमिनीखालून भरणारे आणि जमिनीखालीच जिरून जाणारे तिथले तलाव त्याच्याकडून समजून घ्यायचे होते.

कासच्या जांभ्यावरची फुले मी माझ्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे दाखवली आहेत. खडकावर बोटभर माती, आणि तेवढ्यावर काय काय उगवते, हे बघायला गुडघे टेकावे लागतात आणि वेळ द्यावा लागतो. हा वेळच मी आपल्याकडून विकत घेतला होता.

प्रत्यक्षात बरन आम्हाला मिळाले ते पोल्नाब्रोनपाशी, वीस मिनिटे. पाच हजार वर्षांहून जुने ते दगडी थडगे, सगळ्यांनी त्याच्यासमोर फोटो काढले. मी थोडी बाजूला गेले. दोन शिळांमधल्या गवतात वसंती जेन्शियन दिसले : बोटभर देठ आणि आभाळ भरलेले असल्यामुळे मिटलेली, पीळ घातलेल्या वातीसारखी निळी कळी. हे फूल ऊन पडल्याशिवाय उघडत नाही. ढग सरकत होते, मी थांबले होते, तेवढ्यात मॅनेजरनी टाळ्या वाजवून सगळ्यांना बसमध्ये बोलावले. मी आणखी दहा मिनिटे मागितली. उत्तर मिळाले, “मॅडम, गॉलवेला शॉपिंगचा टाइम कमी होईल.” आमच्या बसचे आयरिश ड्रायव्हर भले गृहस्थ होते, त्यांनी थांबायची तयारी दाखवली होती. त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

रविवारी बनरॅटीचा किल्ला, लिमरिक, पोल्नाब्रोन, गॉलवे असा कार्यक्रम होता. शेतकऱ्यासोबतची फेरी “वेळेअभावी” रद्द. यजमान दुपारपासून बसमध्येच बसून राहिले, त्यांना चढउतार झेपेना. हॉटेलवर परतायला रात्रीचे दहा वाजले. मे महिन्यात तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. तो सारा संधिप्रकाश आम्ही बसच्या काचेतून पाहिला.

मी मॅनेजरना माहितीपत्रक दाखवले तेव्हा ते म्हणाले, “इतक्या लांब येऊन नुसतं बसून काय करायचं? लोकांना पॉइंट्स हवे असतात.” ज्यांना हवे असतात त्यांच्यासाठी आपली आठ दिवसांची आयर्लंड सहल आहेच, आणि ती चांगलीही असेल. सहप्रवाशांपैकी काहींना रविवार आवडला, त्यांच्या आनंदाबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण मोकळा दिवस पैसे घेऊन विकल्यावर तो भरून टाकायचा अधिकार आपल्याला उरत नाही. वयस्क माणसांना स्वस्थ बसू देणे हाही सेवेचाच भाग आहे, आणि इथे तर तीच मुख्य सेवा होती.

आता गंभीर बाब. पुणे कार्यालयाने फोनवर सांगितले की लाँग वीकेंडमुळे कॉटेज ऐनवेळी मिळाली नाही. माझ्या मुलाने कॉटेजच्या मालकीणबाईंशी संपर्क साधला. त्यांनी ईमेलने कळवले की आपल्या कंपनीनेच एप्रिलच्या मध्याला आरक्षण रद्द केले होते. म्हणजे निघण्याच्या आधी दोन आठवड्यांहून अधिक काळ आपल्याला हे ठाऊक होते. तेव्हा एक फोन केला असता तर आम्ही पैसे परत घेतले असते आणि मुलाने दुसरीकडे सोय केली असती. तो फोन मुद्दाम केला नाही, असाच याचा अर्थ मी घेते. मला सर्वांत जास्त चीड याची आहे.

माझ्या मागण्या अशा. रद्द केलेल्या फेरीचे ९,६०० रुपये पूर्ण परत करावेत. कॉटेज आणि हॉटेल यांच्या दरातील फरक, दोन्हीकडची बिले दाखवून, परत करावा. मोकळा दिवस हिरावल्याबद्दल आणि यजमानांना झालेल्या त्रासाबद्दल ३०,००० रुपये भरपाई द्यावी. आरक्षण कोणी, कधी व का रद्द केले आणि प्रवाशांना का कळवले नाही, याचा लेखी खुलासा हवा. शिवाय हे माहितीपत्रक आजही आपल्या शाखांत वाटले जात आहे. त्यातील कॉटेज आणि मोकळा रविवार आपण देणार नसाल, तर ते आधी मागे घ्यावे.

३० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटी, अनुचित व्यापारी प्रथा आणि दिशाभूल करणारी जाहिरात या मुद्द्यांवर मी सातारा येथील जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्कही नाही, हे मी विचारून घेतले आहे. उत्तर लेखी द्यावे, फोनवरील आश्वासने मी धरणार नाही.

सोबत : पैसे भरल्याची पावती, माहितीपत्रक, यजमानांच्या प्रकृतीची नोंद असलेला अर्ज, मालकीणबाईंचा ईमेल आणि परताव्यासाठी बँक खात्याचा तपशील.

आपली,
(स्वाक्षरी)
सातारा