तुझ्या नावावरचे माझे पैसे

दांडिया बाजार, बडोदे
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय सुमे,

आठ महिने तुझ्या एकाही फोनला धड उत्तर दिलं नाही. रागावली असशील, रागावण्यासारखंच आहे. तब्येत बरी, बीपीची गोळी चालू, आई ठीक. आता मुद्दा. कोर्टाच्या कागदात तुझं नाव जाणार आहे, आणि ते मीच घालणार आहे. आधी सगळं वाच, मग भांड.

पोटगीचा अर्ज केला एवढं तुला ठाऊक आहे. त्यानंतर दोघांनाही उत्पन्न, खाती, दागिने, देणी असं सगळं प्रतिज्ञापत्रावर द्यावं लागलं. नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते सगळ्या देशाला लागू केलं. अविनाशने काय लिहावं? दुकानाचं उत्पन्न महिना २८,००० रुपये! दिवाळीच्या आठवड्यात रात्री दीडपर्यंत गल्ला मोजायला मीच बसायची ना गं त्याच्याशेजारी? तो कागद वाचताना मला हात धुवावेसे वाटत होते.

वकीलबेन म्हणाल्या, रडू नका, प्रश्न काढा. प्रतिज्ञापत्रातल्या मजकुराबद्दल वाद असेल तर कोर्टाच्या परवानगीने समोरच्याला लेखी प्रश्न देता येतात. दिवाणी प्रक्रियेतला ऑर्डर ११ म्हणतात तो. उत्तर दहा दिवसांत, शपथेवर. गोलगोल उत्तर दिलं तर कोर्ट पुन्हा नीट द्यायला लावतं, हुकूमच मोडला तर बचाव रद्द होऊ शकतो. मात्र प्रश्न वादाशी जोडलेला हवा, सगळं घर उपसायला परवानगी मिळत नाही.

माझा पहिला प्रश्न होता, ‘तुमच्याकडे एकूण पैसे किती?’ त्यांनी त्यावर काट मारली. म्हणाल्या, याचं उत्तर ‘प्रतिज्ञापत्रात दिल्याप्रमाणे’ असं एका ओळीत येईल. एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा, तारीख घाला, आणि तुम्हाला जे अर्धं माहीत आहे तिथूनच सुरुवात करा.

मग तीन रात्री स्वयंपाकघरात बसले. कपाटाच्या कुठल्या खणात कुठला कागद असायचा ते आठवत गेले. जीएसटीची नोंदणी कुणाच्या नावावर आहे? गाडीचा हप्ता कोणत्या खात्यातून जातो? २०१९ पासून कोणकोणती खाती उघडली, कोणती बंद केली, बंद करताना रक्कम कुठे वळवली? लॉकर कोणत्या शाखेत, कुणासोबत? आणि माझा सगळ्यात आवडता: २०२१ मध्ये दुकानासाठी कर्ज काढताना बँकेला वार्षिक उत्पन्न किती दाखवलं? कर्ज हवं असताना माणूस उत्पन्न कमी सांगत नाही, सुमे. वकीलबेन तो वाचून खुर्चीत सरळ बसल्या. बावीस वर्षं ‘तुला यातलं काही कळत नाही’ ऐकलं होतं. मला फार बरं वाटलं.

तेव्हा तुझे बाबा डोळ्यांपुढे होते. न्यायमंदिरातून, म्हणजे तेव्हाच्या कोर्टातून, नाझर (कोर्टातले अधिकारी) असलेले तुझे बाबा घरी आले की आपण दोघी गणिताची वही लपवायचो, आणि ते पेपरातली जाहिरातसुद्धा ओळीखाली बोट ठेवून वाचायला लावायचे. त्यांच्यामुळेच तू अजून लग्नपत्रिका मागून-पुढून वाचतेस, प्रेसचं नावसुद्धा सोडत नाहीस. आता जिल्हा कोर्ट दिवाळीपुऱ्याला आहे. न्यायमंदिरावरून रिक्षा गेली की मी अजून त्यांच्या खिडकीकडे बघते.

माई आत्या परवा म्हणाली, आपल्या बडोद्याच्या घरात असलं कधी झालं नाही. मी सांगितलं, आत्या, सयाजीराव महाराजांनी १९३१ साली या बडोद्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, सगळ्या देशाला तो १९५५ साली मिळाला. ती गप्प बसली. पण जेवली नाही.

आता खरं ते लिहिते. गुरुवारी त्याच्याकडून मला प्रश्न आले. एकोणीस. सतरावा असा: ‘अर्जदाराची कोणतीही बचत अन्य व्यक्तीच्या नावावर आहे काय? असल्यास व्यक्तीचं नाव, रक्कम व तपशील द्यावा.’

सुमे, माझ्या प्रतिज्ञापत्रात मी ती लिहिली नव्हती.

फॉल-पिकोचे पैसे. २०११ साली सुरसागरच्या कट्ट्यावर तू म्हणालीस, स्वतःचं काहीतरी बाजूला ठेव. आणि मी म्हणाले, तुझा संसार तसा असेल, माझा नाही. सहा महिने बोललो नाही आपण. मग मीच आले तुझ्याकडे. तू पुण्याच्या पोस्टात तुझ्या नावावर आरडी उघडलीस, महिन्याला हजार तुझ्या पगारातून भरायचीस, आणि दिवाळीत, मे महिन्यात माहेरी आलीस की मी पाकीट द्यायची. पाच-पाच वर्षांच्या दोन. एक लाख वीस हजार माझे, वर व्याज. आईलाही माहीत नाही.

चार रात्री झोप नाही. एकदा वाटतं, नावच तुझं आहे, कोण विचारणार? त्याने आयुष्यभर लपवलं, मी एवढंसं लपवलं तर काय झालं? पण मग माझ्या प्रश्नांचा कागद समोर येतो. कुठल्या तोंडाने विचारू त्याला लॉकर कुणासोबत आहे ते? वकीलबेनना काल सांगितलं. रागावल्या. खोटं प्रतिज्ञापत्र कोर्ट अंगाशी आणू शकतं, आधी दुरुस्तीचं द्या, मग सतराव्याचं उत्तर पूर्ण द्या, म्हणाल्या. देणार आहे. पैसे गेले हिशेबात तर जाऊ देत.

भीती तुझीच वाटते. तुला साक्षीला बोलावलं तर? आणि भाऊजींना हे ठाऊक आहे का? तू तेव्हा म्हणाली होतीस, त्यांना सांगायची गरज नाही. आता गरज पडली आहे. कोर्टाच्या कागदातून कळण्याआधी तू सांग, हवं तर मी फोन करते, सगळा दोष माझ्यावर घेते. तो आहेच माझा.

ओंकारला नोकरी लागल्याचं आईकडून कळलं, फार आनंद झाला. तुझ्या गुडघ्याचं काय झालं? ऑपरेशन ठरलं असेल तर तारीख कळव, मी येते.

दोन्ही आरडीच्या पासबुकांच्या झेरॉक्स आणि आता जिथे ठेवलेत त्याची पावती, सगळ्या पानांसकट, कुरिअरने पाठव. शुक्रवारपर्यंत हव्यात. आणि भांडायला फोन कर. रात्री दहानंतर, आई झोपली की.

तुझी,
विजू