हंगामी मजुराचा वर्षाचा हिशेब मजुरालाही कळू द्या

प्रति,
मा. श्रम व रोजगार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय, सप्रेम नमस्कार.

वणी तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, मी कारकून होतो. पी.एफ.चे वार्षिक विवरण तयार करणे माझ्याकडे असे. मार्च ते फेब्रुवारी असे वर्ष धरायचे, प्रत्येक कामगाराचे ३-अ कार्ड भरायचे आणि सगळ्यांची बेरीज ६-अ मध्ये चढवायची. २०१२ साली ईसीआर, म्हणजे संगणकी विवरण, आले. विवरण दर महिन्याला संगणकावरून जाऊ लागले, कार्डे गेली. बरे झाले, त्या आकडेमोडीत डोळे जायचे.

पण त्या कागदांबरोबर आणखी एक गोष्ट गेली. पी.एफ. कार्यालयातून कामगाराच्या नावाची वर्षाची पावती यायची. उशिरा का होईना, यायची. मी नाव पुकारून ती हातात द्यायचो आणि आकडा वाचून दाखवायचो. आता सरकारला हिशेब वर्षाऐवजी महिन्याला मिळतो, मजुराला मात्र तो मोबाइलवर शोधावा लागतो. यूएएन (पी.एफ.चा कायमचा क्रमांक) ठेकेदाराच्या वहीत, त्याला जोडलेले सिम केव्हाचे बंद. कवडी (खराब कापूस) निवडणारी एक बाई मला म्हणाली, "भाऊ, कटते तं दरसाल, पण जाते कुठी?"

खरे नुकसान पेन्शनचे होते. आमच्याकडे रेचे (सरकी काढायची यंत्रे) दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतात आणि ऊन तापले की थांबतात. मजुराच्या पासबुकात वर्षातले चार-पाच महिने भरलेले, बाकी कोरे. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. हे कोरे महिने पाहून त्याला सांगितले जाते, "तुमचे काही बसत नाही, १०-सी अर्ज भरा आणि पेन्शनचे पैसे काढून घ्या." तो काढतो. लग्न असते, दवाखाना असतो, का नाही काढणार?

आणि कायदा काय म्हणतो? कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ च्या परिच्छेद ९ च्या स्पष्टीकरणात लिहिले आहे की हंगामी कामगाराची त्या वर्षातली सेवा वर्षापेक्षा कमी भरली तरी पूर्ण वर्ष धरावी. म्हणजे दहा हंगाम, दहा वर्षे. ही ओळ कित्येक मालकांना ठाऊक नाही, ठेकेदारांचे तर विचारूच नका. त्यात ठेकेदार बदलला आणि नवा यूएएन निघाला, तर एकाच माणसाची वर्षे वेगवेगळ्या खात्यांत विखुरतात. किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपयांवर अडकली आहे, ते वेगळे पत्र होईल. पण हजार तरी हक्काचे आहेत.

ईएसआयमधून (कामगार राज्य विमा) हंगामी कारखाने कायद्यानेच बाहेर आहेत. कापसाची सरकी काढणे आणि गठाणी बांधणे त्यातच मोडते. मजुराला उरले ते पी.एफ. आणि पेन्शन एवढेच.

म्हणून मागणे असे. हंगामाच्या शेवटच्या पगाराच्या दिवशी मालकाने प्रत्येकाच्या हाती मराठीत छापलेला एक कागद द्यावा. किती कापले, किती भरले आणि 'पेन्शनसाठी धरलेली वर्षे' एवढे तीन आकडे त्यावर असावेत. नवी माहिती कुणाकडून मागवायची गरज नाही, ती महिन्याच्या विवरणात तुमच्याकडे आलेलीच आहे. आस्थापना हंगामी आहे ही खूण मात्र पी.एफ. कार्यालयाने नोंदीत स्वतः लावावी आणि १०-सी मंजूर करण्याआधी हंगाम मोजावेत. ठेकेदाराच्या मजुरांचा कागद मूळ मालकाने द्यावा. पी.एफ. भरण्याची अंतिम जबाबदारी पी.एफ. योजनेने त्याच्यावरच टाकली आहे.

सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्याखाली जुन्या योजना नव्याने लिहिताना परिच्छेद ९ मधली ती ओळ गाळू नका. आणि परिपत्रक काढायचेच असेल तर दसऱ्याआधी काढा, एकदा कापसाच्या गाड्या लागल्या की जिनिंगमध्ये कुणाला कागद वाचायला सवड नसते.

आपला,
एक माजी जिनिंग कारकून
ता. वणी, जि. यवतमाळ