ट्रॉलीखालची विंच आणि पहिली वीतभर उचल

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली लोखंडी कैची (एकमेकांना छेदणारे, पिनांवर फिरणारे हात) बसवायची, ती जीपच्या 12 व्होल्टच्या विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या मोटरच्या ड्रमने, ओढायची आणि हायड्रॉलिकचा खर्च वाचवायचा, अशा घरगुती डम्पिंगचे (बॉडी उचलून माल ओतण्याच्या सोयीचे) कौतुक अधूनमधून छापून येते. कौतुक रास्तच आहे. पण फोटोत ट्रॉली नेहमी उभी झालेली दिसते. कैचीचा कस लागतो तो बॉडी अजून आडवी असताना, पहिल्या वीतभर उचलीत. मोडतोड बहुतेक तिथेच होते.

हिशेब सोपा आहे. 10 फुटी ट्रॉली, मागे बिजागरी, कैची मधोमध. आत एक टन शेणखत आणि बॉडीचे 400 किलो धरले, तर कैचीवर 1.4 टन येतात. या भाराला कैचीच्या हाताच्या आडव्या रेषेशी असलेल्या कोनाच्या टॅनने (त्रिकोणमितीतल्या टॅन्जंटने) भागले की विंचला किती ओढायचे ते साधारण कळते. हात 45 अंशांत असेल तर 1.4 टन, 30 अंशांत 2.4 टन, 16 अंशांत 4.9 टन. आणि चेसिस व बॉडीच्या मधल्या 6 इंचांत 5 फुटी हात झोपवले, तर कोन जेमतेम पावणेसहा अंश राहतो आणि ओढ 13-14 टनांवर जाते. एवढ्या ओढीने विंचची रोप (पोलादी दोर) तुटते, नाहीतर पिनचे भोक लांबट होते. मग विंच हलक्या दर्जाची निघाली म्हणून बोल लावला जातो.

उपाय विंच बदलण्यात नाही, पिन खाली घेण्यात आहे. चेसिसखाली चॅनलचा पाळणा टांगून खालच्या पिना त्यात घ्याव्यात. झोपलेल्या कैचीत खालची आणि वरची पिन यांत 16-17 इंच उभे अंतर पडले पाहिजे. नांगरटीत ढेकळांना घासणार नाही इतकीच पाळण्याची खोली ठेवावी. हात 65 अंशांपर्यंत उठले की बॉडी चाळिसेक अंशांत येते. तिथे विंच आपोआप थांबवणारा लिमिट स्विच हवा, शिवाय स्विच दगा देईल म्हणून साखळीही हवी.

विंचच्या पाटीवर 12,000 पौंड लिहिलेले असते. म्हणजे 5.4 टन, पण ड्रमवरच्या अगदी आतल्या थरापुरते. रोप थरावर थर चढली की ओढ घटत जाते. म्हणून पुल्या लावून रोप चार पदरी करावी. 16 अंशांतल्या 4.9 टनांपैकी प्रत्येक पदरावर सव्वा टन, घर्षण धरून 1.4 टन येतो. चार पदरांमुळे ड्रमला सुमारे 11 फूट रोप गुंडाळावी लागते. त्याचे 14 वेढे, आणि ड्रमवर कायम राहायलाच हवेत असे 5. हे 19 वेढे पहिल्याच थरात मावतात. विंचसोबत आलेली लांबलचक रोप तशीच ठेवण्याचा मोह होतो, तो टाळावा. 8-9 मीटर पुरते. स्थिर पुलीचा हूक मात्र स्थिर पिनांच्याच आडव्या बीमला असावा, नाहीतर सगळी ओढ चेसिस वाकवण्यात जाते.

9.5 मिमीची ही रोप साडेसहा टनांच्या आसपास तुटते. एका पदरी पूर्ण 5.4 टन ओढले तर सुरक्षेला उरतो जेमतेम 1.2 चा गुणक. उचलण्याच्या कामाला 5 धरतात. विंच हे मुळात ओढायचे यंत्र आहे. चार पदरी, एक टन मालावर हा गुणक साडेचारच्या पुढे जातो. आता अर्धा ब्रास ओली रेती भरा. 50 घनफुटांचे सव्वादोन ते अडीच टन होतात आणि तोच गुणक अडीचच्याही खाली येतो. कन्हानची रेती वाहणाऱ्याने हायड्रॉलिक जॅकच घ्यावा, हे आमचे स्पष्ट मत.

रोपेच्या टोकाला यू-क्लॅम्प तीन लावावेत, 60 मिमी अंतराने. यू-बोल्ट मोकळ्या शेपटावर आणि खोबणीची बाजू भार घेणाऱ्या रोपेवर. उलटे लावले की यू-बोल्ट नेमक्या कामाच्या तारा चेपतो. पहिल्या खेपेनंतर नट पुन्हा आवळावेत.

हातांना 100×50×4 मिमीचा बॉक्स (पोकळ चौकोनी नळी) आणि 30 मिमीची ईएन-8 पोलादाची पिन. बॉक्सला नुसते भोक पाडून पिन घालू नये. जाड पाइपचा तुकडा आरपार घालून दोन्ही भिंतींना वेल्ड करावा आणि त्यात बुश (पिन फिरण्यासाठीची नळी) बसवावा. हे वगळले की 4 मिमीचा पत्रा चेपतो, कैची डोलू लागते.

विजेचेही पाहावे. या भाराला दीडशे अँपिअरच्या आसपास करंट लागतो. त्यामुळे वेगळी बॅटरी, 35 चौरस मिमीची केबल आणि इंजिन चालू. भरलेली बॉडी विंचवर खाली आणू नये. अशा बऱ्याच विंचमध्ये ब्रेक ड्रमच्या आत असतो आणि भार सोडताना तो तापतो. कैचीच्या हातांची सरकती टोके ज्यात फिरतात त्या रोलरच्या चॅनलमध्ये चिखल असेल तर बॉडी वर अडकते, रोप सैल पडते आणि मग बॉडी एकदम आदळते.

पावसाळ्यात आपली काळी माती 40 अंशांतही पुढच्या फाळक्याला चिकटून राहते. मागचा माल पडतो, वजन उंचावर उरते, आणि एक चाक भुसभुशीत जमिनीत रुतले की ट्रॉली आडवी. अशा वेळी आत शिरून फावडे मारू नये. बॉडी खाली घेऊन माल उकरावा. ग्रीस करायलाही बॉडीखाली जाण्याआधी दोन्ही बाजूंना लोखंडी टेकू लावावेत, तेही बॉडी रिकामी असताना. विंचच्या ब्रेकवर भरवसा ठेवून कुणी वाकूही नये.

ट्रॉलीची नोंदणी असते आणि मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार मनाने बदल करता येत नाहीत. कटिंगला बसण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे.

पुढे असा फोटो छापाल तेव्हा बॉडीखालचा पाळणा आणि टेकू दिसेल असाही एक छापावा, ही विनंती.

आपले,
फॅब्रिकेशनच्या धंद्यातले दोन वाचक, वाडी, नागपूर