फलकांआधी डिझेल मोजा

संपादक महोदय,
किनाऱ्यावरच्या संगीत महोत्सवांत हवामानबदलाचे फलक झळकतात आणि मंचामागे जनरेटर धडधडत असतो. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यात भाड्याचा जनरेटर बहुधा गरजेपेक्षा मोठा. क्षमतेच्या ३० टक्क्यांहून कमी वीजभारावर तासन्‌तास चालला की डिझेल अर्धवट जळते, धुराड्यातून काळा चिकट ओघळ येतो. तालमीच्या वेळीच प्रत्येक मंचाचा वीजभार क्लॅम्प मीटरने (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाने) मोजून जनरेटर ठरवावा. जमेल तिथे वीज खात्याची तात्पुरती जोडणी घ्यावी. मक्यापासूनच्या प्लॅस्टिकचे ‘हिरवे’ पेले वाळूत कुजत नाहीत, त्यांना ६० अंशांच्या आसपास उष्णता लागते. अनामत घेऊन स्टीलचे द्यावेत. प्रेक्षकांच्या मोटारींचे तर कोणी नावच काढत नाही! तिकिटातच म्हापसा-पणजीचे बसभाडे धरावे आणि शेवटची बस कार्यक्रम संपल्यावर तासाभराने सोडावी.

— ध्वनी व वीज व्यवस्थेतील काही तंत्रज्ञ, म्हापसा