पिगीबॅक ट्यूनर बसवण्यापूर्वी

चि. अनिकेत यास अनेक उत्तम आशीर्वाद.

ताकद वाढवण्यासाठी गाडीला पिगीबॅक ट्यूनरची डबी बसवण्याचा तुझा बेत कळला. ती डबी दहा मिनिटांत बसते, सर्व्हिसिंगला नेण्याआधी काढून ठेवली की कोणाला काही कळत नाही आणि वॉरंटीही शाबूत राहते, असे तू म्हणालास. ती चटकन बसते हे खरे. बाकीच्या दोन गोष्टी मला पटत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ही डबी ईसीयूमधल्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातल्या, प्रोग्रामला हात लावत नाही. ती सेन्सर आणि ईसीयू यांच्या मधोमध बसते आणि पुढे जाणारा सिग्नल बदलते. समज, तुझ्या टर्बो इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब १.८ बार आहे, पण डबी सेन्सरचे व्होल्टेज उतरवून ईसीयूला तो १.६ असल्याचे भासवते. ईसीयूला १.८ हवा असतो, म्हणून तो टर्बोकडून आणखी दाब मागतो आणि इंजिनात प्रत्यक्षात २ बार पोहोचतो. हवा वाढली, तिच्या जोडीने इंधन वाढले, की ताकद वाढते. डिझेल गाडीत हीच युक्ती पुष्कळदा कॉमन रेलमधल्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना इंधन पुरवणाऱ्या सामायिक नळीतल्या, इंधनाच्या दाबावर करतात. मात्र पेट्रोल इंजिनात ठिणगीची वेळ ठरवताना ईसीयू तो खोटा, कमी दाबच खरा धरून चालतो, त्यामुळे भर उन्हात चढ चढताना नॉकिंगपासून (इंधन अवेळी आपोआप पेटण्यापासून) वाचण्यासाठी ठेवलेला राखीव वाव आपण आधीच खर्च केलेला असतो. नॉक सेन्सर बरेच सावरून घेतो, पण क्लच आणि गिअरबॉक्स यांच्यावर पडणारा जादा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, त्याला दिसत नाही, आणि मला जास्त काळजी त्यांचीच वाटते.

डबी काढल्यावर मागे काहीच राहत नाही, हा समजही सोडून दे. फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाचा सांकेतिक क्रमांक, नोंदला गेला की त्या क्षणीचा वेग, इंजिनावरचा भार आणि तापमानही ईसीयू सोबत जपून ठेवू शकतो. शिवाय सेन्सरच्या प्लगवरची प्लास्टिकची बारीक खिट्टी स्क्रूड्रायव्हरने उचकटली की तिच्या कडेला पांढुरका ओरखडा पडतो, आणि आजूबाजूच्या धुळीत तो अनुभवी मेकॅनिकच्या नजरेतून सुटत नाही.

एक सुटा भाग बसवला म्हणून सगळी वॉरंटी जातेच असे नाही. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यामुळे बिघाड त्या भागामुळे झाला असेल तरच क्लेम नाकारता येतो. इतरत्र वॉरंटीच्या अटी आणि तिथला कायदा पाहावा लागतो. खिडकीच्या मोटरचा या डबीशी संबंध लावणे कठीण, पण टर्बो, पिस्टन किंवा क्लच गेला तर तो संबंध दाखवायला फारसे कष्ट पडत नाहीत. आणि अशा वेळी डबी लपवून क्लेम मागितलेला मला मुळीच आवडणार नाही.

तुझ्या वॉरंटी पुस्तिकेतले फेरफारांविषयीचे पान आज रात्री वाच आणि त्याचा फोटो मला पाठव. डबीचे पैसे तोवर भरू नकोस.

तुझी,
आई